माझ्या नावाची पुडी

१६ फेब्रुवारी, रविवार

पोऱ्या ओकला! आठवीतला पोऱ्या, माझा नातू हर्षित — काल मुरबाडला, हळदीच्या मांडवात, नवरदेवाच्या पाटासमोर भडाभडा बीयर ओकला.

माझ्या भावाच्या नातवाची हळद. पंकजची. दिवेलागणीची वेळ, बायका हळद लावतायत, डीजेने कान फुटायची पाळी. हा पाण्याच्या टँकरमागून आला तो झोके खात. मला वाटलं, नाचून नाचून चक्कर आली. जवळ गेले तर वास!

आन् हसले सगळे. ओकला त्याचा राग नाय एवढा, हसले त्याचा हाय. "पहिल्यांदा हाय, व्हईल सवय!" कोण बोललं हे? माझा भाऊ. कवळी सांभाळत हसतोय. एकाने मोबाइल काढला आन् पोराच्या तोंडासमोर धरला. मी त्याच्या हातावर फटका मारला तर तो पण हसला. पंकज बोलला, "आत्याआजी, खुशीचा दिवस हाय गो, चिडू नको." मी बोलले, "तुझ्या खुशीला माझ्याच घरचं पोर लागतं काय रे?"

माझा मुलगा रविंद्र खुर्चीवर बसलेला. खुर्चीखाली गिलास. तो उठलाच नाय. सून दर्शना नवी साडी वर खोचून ओकारी काढत व्हती. हर्षितचं तोंड धुतलं कुणालीने. त्याची धाकटी बहीण, सहावीतली. एवढ्या मांडवात शहाणं माणूस तेवढं एकच.

हे लिहिते कारण बोलायला लागले का घरात टीव्हीचा आवाज वाढवतात. चौथीपर्यंत शिकले ते कधीतरी कामाला येऊ दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रविंद्रने पोराला पट्ट्याने मारला. मारतोय मारतोय आन् विचारतोय, "कुठे शिकलास? बोल, कुठे शिकलास?"

ज्या हाताने मारत व्हता त्या हाताला तोच वास. मी मधे पडले नाय. दोघांना पण मार पायजे व्हता, दुसऱ्याला मारायला कुणी नव्हतं एवढंच.

मंग तो आसनगावला गाडी धरायला गेला. मी पोराला हळदतेल लावायला घेतलं आन् विचारलं, "का रे प्यालास? चव तरी आवडली काय?"

"नाय. कडू हाय."

"मंग?"

"टँकरमागे सगळे बोलत व्हते, अजून दूध पितोस काय. आईला विचारून ये जा."

"आन् तू लगेच घोटलीस."

"पहिल्यांदा नाय बोललो आजे. मंग ते बोलले, घे, आमी कुणाला नाय सांगणार."

नाय सांगणार! सगळ्या मुरबाडने बघितलं. मोबाइलवर तर कल्याणला पण पोचलं असंल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलं. कल्याणहून दर्शनाच्या भावाचा फोन आला. तो पण हसत व्हता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बाटली, उद्या पुडी, म्हणून मंगळ्याच्या टपरीवर गेले. शाळेच्या कोपऱ्यावर बसतो तो. मला जाब विचारायचा व्हता, का पोरांना पुड्या का विकतोस. पाटी लावलीय मोठी — अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू मिळणार नाही. पाटीच्या खिळ्यालाच पुड्यांच्या माळा टांगल्यात. त्यांच्यामागे पाटी अर्धी दिसते.

मी बोलले, "मंगळ्या, लाज हाय काय रे? शाळेची पोरं तुझी गिऱ्हाइकं?"

तो बोलला, "अंबूआजी, पोरं येतात बापाला पायजे, काकाला पायजे बोलून. मी काय बापाला फोन लावू? तुमच्याच घरी जाते ना मिसरीची तंबाखू, तेव्हा कधी बोलला नाय तुमी."

मी बोलले, "माझी तंबाखू मी शहापूरच्या बाजारातून आणते. तुझ्याकडची शेणासारखी असते. मी कधी मागवली?"

तो मंग डोकं खाजवत बोलला, दुपारी बायको बसते टपरीवर, तीच बोलली — अंबूआजीच्या मिसरीची पुडी गेली. एकदा नाय, कितीकदा गेली.

माझ्या नावावर! माझं नाव सांगून माझ्याच घरातून कुणी तंबाखू नेतो! पायाखालची जमीन तापली माझ्या. त्याची बायको आत भांडी घासत व्हती, पण तिला काय विचारायचं? आमच्या घरात वांड एकच हाय. सरळ घरी आले.

हर्षित बोलला, "शपथ आजे, बीयर प्यालो ते मी बोललो ना? तंबाखू मी नाय आणली."

मी बोलले, "ज्याने ते केलं त्याने हे नाय केलं हे कोण मानंल?"

तो तसाच उठला आन् गेला. जेवला पण नाय. नाटकं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तो शाळेतून आल्याबरोबर दप्तर पालथं केलं. एक फणी. एक सेंटची बाटली. वहीच्या मागच्या पानावर मनस्वी, मनस्वी, मनस्वी. पुडी नाय. लबाड हाय, दुसरीकडे ठेवत असंल.

मनस्वी कोण ते नंतर बघते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बोलला पोऱ्या! कालपर्यंत मुका, आज सगळ्यांसमोर — "आजे, तू पण लावतेस की तंबाखू."

मी बोलले, "मिसरी आन् तंबाखू एक काय रे? मिसरी दातांना असते. माझी आई लावायची, तिची आई लावायची. ती काय मांडवात ओकत फिरली काय?"

"मंग एक दिवस लावू नको."

बाप टीव्हीवरची नजर न काढता बोलला, "ए, आजीच्या मिसरीला हात लावायचा नाय." जसं काय माझी बाजू घेतली! स्वतःची घेतली. आज मिसरीवर बोट आलं, उद्या बाटलीवर येणार.

चुलीपाशी कुणाली माझी मिसरीच भाजत व्हती. मिसरी भाजायचा तवा वेगळा हाय माझा, भाकरीच्या तव्याला मी लावू देत नाय. पोरीचा हात चांगला बसलाय. दर्शनाला धुराने ठसका लागतो, तिला नाय लागत. पहिली काळी व्हते, मंग धूर कमी व्हतो, तेव्हा उतरवायची. चुरून चिमूट दाताला लावते आन् ओरडते, "झाली गो आजे!" मीच शिकवलं तसं बघायला. कच्ची ऱ्हायली का हिरडी चुरचुरते, जास्त झाली का नुसती राख. माझ्या हातची पण कधी फसते, तिची नाय फसत.

आन् हा मला बोलतो तंबाखू.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत डाक्टर आले व्हते. शहापूरहून. पालकांना बोलावलं व्हतं. रविंद्र कामावर, दर्शनाला ताप, मंग मी गेले. बायका सगळ्या माझ्यासारख्याच, आज्या. बाप लोक कुठे असतात कोण जाणे.

संजीवनीबाई म्हणून एक मास्तरीण हाय. बोलायला लागली, पोरं बारा-तेरा वर्षांची असताना लागतात व्यसनाला, घरात बघतात, दोस्तांत बघतात, मोठं झाल्यासारखं वाटतं. एवढं बरोबर बोलली. मी मान डोलावत व्हते. मंग बोलली, "गुटखा, बिडी, तपकीर, मिसरी, सगळी तंबाखूच. मिसरी लावणाऱ्या आज्यांनी हात वर करा."

हात वर करा! आमी काय चोऱ्या केल्यात?

मी उभी ऱ्हायले. बोलले, "बाई, पोरांना दारू पाजणाऱ्या बापांना कधी हात वर करायला सांगितलं काय तुमी? ते इथे येत नाय म्हणून आमी सापडलो?" सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदरा सगळ्यात जोरात. ती आमची शेजारीण, तिच्या गालात तेव्हा पण मिसरी व्हतीच.

तिकडे डाक्टरीण पोरांचे दात बघत व्हती. मधेच मला हाक मारली, "आजी, या कुणालीच्या हिरड्या बघा जरा. हिला शहापूरला घेऊन या." अजून काहीतरी बोलत व्हती, पण इकडे संजीवनीबाईला उत्तर द्यायचं ऱ्हायलं व्हतं. मी बोलले, "बोअरचं पाणी हाय, सगळ्यांचेच दात तसे," आन् वळले.

बाईने शेवटी हात वर करायचं सोडलं आन् फळा पुसायला घेतला. जिंकले मी.

२५ फेब्रुवारी, पुन्हा

जिंकले खरी. पण घरी आल्यावर हर्षित बघत व्हता माझ्याकडे.  नुसतं बघत व्हता, माझं बोट गालात असताना.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज देवळात पोराचा हात धरला आन् सांगितलं. शिमगा येतोय. धुळवडीला आमच्या गावात लहान पोरं पण बाटल्यांच्या मागे फिरतात. तू त्या दिवशी तोंड लावायचं नाय. थेंब नाय. त्याच्या बदल्यात मी मिसरी सोडते. आजपासून.

तो बोलला, "तू? जमंल?"

मी बोलले, "तू तुझं बघ."

घरी येऊन सगळ्यांसमोर डबी कमरेची काढली आन् बोलले, नदीत टाकून येते. दर्शनाने हात जोडले. रविंद्र बोलला, "बघू किती दिवस." कुणाली दारापर्यंत मागे आली, "आजे, खरंच टाकणार? सगळी?" तिच्या हातचीच व्हती ना भाजलेली, वाईट वाटलं असंल.

नदीपर्यंत गेले नाय. कागदाला खोटं काय सांगायचं? गोठ्यात गव्हाणीच्या मागे भिंतीला फट हाय, तिच्यात ठेवली. लावायला नाय. नुसती हाय एवढं माहीत असावं म्हणून.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकं दुखतंय, तोंडाला पाणी सुटतंय, संडासला व्हत नाय. इतकी वर्षं सकाळी मिसरी लावली का लगेच डबा घेऊन जायची सवय. आता नुसती जाऊन बसते आन् परत येते. कोंबडीवर ओरडले. दर्शनावर ओरडले. भाताला ओरडले.

कुणी बोलंल मिसरी औषध हाय. मीच बोलले व्हते. औषध सोडल्यावर असं व्हतं काय?

त्या संजीवनीबाईला हे कधी कळता कामा नये.

१ मार्च, शनिवार

आता पोरीचं पण डोकं दुखायला लागलं. कुणालीचं. शाळेत गेली नाय. दर्शना ऊठ बोलली तर ताट ढकललं — कुणालीने! जी पोर कधी वर मान करून बोलत नाय! मला दया आली नाय, माझंच डोकं फुटत व्हतं. मी बोलले, वय आलंय, आता पाळी येईल, तेव्हा असं व्हतं. दर्शना पण तेच बोलली.

एका घरात डोकी बांधलेल्या दोन बायका. हर्षित आमच्या दोघींना चहा करून देत व्हता. आलं टाकून. बरा करतो.

४ मार्च, मंगळवार

कुणाली बरी झाली. गाणी बोलतेय. पोरींचं असंच, आलं तसं जातं. एवढंच नाय, आपणहून बोलली, "आजे, तुझी कंबर दुखते ना, गोठा मी झाडीन आजपासून." शिकवण हाय आपली. आईची नाय, माझी.

माझं डोकं अजून तसंच.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी सुंदराच्या ओट्यावर गेले. रोजचीच बैठक आमची. भांडी झाली, का सगळ्या येतात, डब्या निघतात, बोटं गालात जातात, मंग बोलणं सुरू. कंच्या सुनेने काय केलं, कुणाचं लगीन मोडलं.

आज डब्या निघाल्या आन् सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सुंदरा बोलली, "आता तू काय सोवळ्यातली बाय! आमच्यात कशाला बसतेस?" दुसरी बोलली, "नातवाला घाबरली गो ती." हसल्या. मंग सुंदराने डबी पुढे केली, "घे एक चिमूट. कोण बघतंय?"

मी उठले आन् आले. सांगते खरं — मिसरीची एवढी ओढ नव्हती त्या टायमाला. त्या सगळ्यांची बोटं गालात आन् माझे दोन्ही हात मांडीवर रिकामे. कुठे ठेवावे कळंना. बोलायला पण सुचंना. बोलणं त्या बोटाबरोबरच येतं असं वाटलं.

टँकरच्या मागे पोराचं असंच झालं असंल काय?

झालं असंल. म्हणून काय प्यायची? मी आले ना उठून! पण मी म्हातारी हाय, मला ओट्यावर नाय घेतलं तर उद्या मसणात घेतील. त्याने कुठे जायचं? त्याला अशाच पोरांबरोबर शाळेत जायचंय, क्रिकेट खेळायचंय.

सुंदरा आता आठ दिवस बोलायची नाय. नको बोलू दे.

१० मार्च, सोमवार

हर्षित विचारतो रोज, "आजे, आज?" मी बोलते, "नाय लावली." मंग तो बोटावर काहीतरी मोजतो आन् पळतो. माझ्यावर पाळत ठेवतो भडवा. बरं वाटतं.

१३ मार्च, होळी

शेणव्याहून ढोलवाले आले. पोरं आत्तापासूनच कुजबुजतायत. भाविक नावाचा एक मिसरूड फुटलेला पोऱ्या अंगणात येऊन दोनदा शिट्टी मारून गेला. हर्षित गेला नाय. मी पुरणपोळीचं पीठ मळता मळता एक कान बाहेर ठेवला व्हता.

गव्हाणीपाशी गेले नाय. गेले असते तर लावली असती.

१४ मार्च, धुळवड

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

मटण शिजलं. अंगणात रविंद्र, त्याचे दोस्त, बाटली. हे दर वर्षीचं. मला वाटलं पोराला बाहेरच्यांपासून सांभाळायचं हाय. भाविकची शिट्टी, टँकर, नदीवरची पोरं. दारात बसून ऱ्हायले काठी घेऊन. आन् मागून आवाज आला रविंद्रचा, "हर्षित, ये इकडे. घे एक घोट. बापासमोर प्यालेलं बरं, बाहेर जाऊन तोंड काळं करण्यापेक्षा."

बापासमोर! पट्ट्याने कोणी मारलं व्हतं मंग?

दोस्त बोलले, "घे रे, मर्द झालास आता." एकाने गिलास पोराच्या हातातच दिला. मी उठेपर्यंत. गुडघे दुखतात माझे, लवकर उठवत नाय.

हर्षित गिलासाकडे बघत व्हता. कान लाल झाले व्हते त्याचे. मंग बोलला, "नको. आजीने मिसरी सोडलीय."

काय हसले! "आजीने सोडली म्हणून हा सोडतो! आजीचं पोर!" रविंद्र पण हसला, पण मंग मधेच थांबला, माझ्याकडे बघितलं आन् खाली बघितलं. पोराने गिलास खाली ठेवला. फेकला नाय, सांडला नाय, व्यवस्थित ठेवला आन् आत गेला.

बाटली मी उचलली. अंगणातल्या होळीच्या राखेत अजून निखारे व्हते, त्यांच्यावर ओतली. भप्पकन जाळ झाला. सगळे उठून मागे सरले. रविंद्र ओरडला, "आये!" मी बोलले, "काय आये? मांडवात हसलात ना सगळे? आता हसा."

कुणी हसलं नाय.

पोराच्या ताटात नळीचं हाड वाढलं, बापासाठी ठेवलेलं. मनस्वी कोण ते पण नाय विचारलं. आज नाय.

१५ मार्च, शनिवार

रविंद्र बोलत नाय माझ्याशी. घरात टीव्ही बंद. चांगलंच झालं, निदान माझा आवाज ऐकू येतो.

रात्री हर्षित बोलला, "आजे, ती पुडी खरंच मी नाय आणली." मी बोलले, "जाऊ दे, झालं ते झालं." तो बोलला, "झालंच नाय."

१६ मार्च, रविवार

दुपारी घरात कुणी नाय. रविंद्र-दर्शना आसनगावला लग्नाला. हर्षित खेळायला. कुणाली सुंदराकडे टीव्ही बघायला जाते बोलून गेलेली. मला ऱ्हावलं नाय. नुसता वास घ्यायचा, बोलले मनाशी, आन् परत ठेवायची. गोठ्यात गेले.

गव्हाणीमागे कुणाली बसली व्हती. मांडीवर माझी डबी, झाकण उघडं. बोट डाव्या गालात, मान भिंतीकडे, डोळे मिटलेले. मी बसते तश्शीच.

मला बघून घाबरली नाय. दचकली, मंग माझा हात बघितला — फटीकडे गेलेला. तिला कळलं मी कशाला आले ते.

सरकून जागा केली. डबी माझ्यापुढे धरली.

"घे आजे. मी कुणाला नाय सांगणार."